त्र्याहत्तर सेकंदांचा भ्रम

मोठ्या दुर्घटनेच्या पाठोपाठ दोन गोष्टी फार त्वरेने जन्माला येतात : एक दंतकथा आणि दुसरा विनोद. दंतकथा दुःखाला सुसह्य असा आकार देते. विनोद त्या दुःखापासून चार हात दूर उभे राहण्याची सोय करून देतो. सत्यशोधन हे दोहोंपैकी कोणाचेच काम नसते. चौकशीचे अहवाल यथावकाश प्रसिद्ध होतात आणि ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन बसतात. दंतकथा आणि विनोद मात्र तोंडोतोंडी चालत राहतात. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या अपघाताचे नेमके हेच झाले आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून हे यान उडाले आणि त्र्याहत्तर सेकंदांनी आकाशातच त्याचे तुकडे झाले. फ्रान्सिस स्कॉबी, मायकेल स्मिथ, ज्युडिथ रेझ्निक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅक्‌नेअर, ग्रेगरी जार्व्हिस आणि क्रिस्टा मॅकॉलिफ हे सात जण प्राणास मुकले. यांपैकी मॅकॉलिफ या न्यू हॅम्पशायर राज्यातील काँकर्ड येथील शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवीत असत. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांच्या अर्जांतून त्यांची निवड झाली होती आणि अवकाशातून त्या देशभरच्या विद्यार्थ्यांना पाठ देणार होत्या.

या अपघाताविषयी सर्वसाधारण सुशिक्षित माणसाला जे ठाऊक असते ते चार वाक्यांत सांगता येते. यानाचा स्फोट झाला. सातही जण क्षणार्धात मरण पावले. साऱ्या जगाने ते दृश्य प्रत्यक्ष घडताना दूरचित्रवाणीवर पाहिले. आणि कारण म्हणाल तर थंडीने एक रबरी कडी कडक झाली. दुर्दैव असे की, या चार वाक्यांपैकी एकही पुरतेपणी खरे नाही. आता, चुका कोणाच्या ज्ञानात नसतात? परंतु येथील चारही चुका एकाच दिशेने झुकलेल्या आहेत. त्या सर्व मिळून एका दीर्घ घटनेला क्षणाचे रूप देतात. आणि जे क्षणात घडते त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न आपोआपच निकालात निघतो. या भ्रमांची दखल घ्यायची ती एवढ्यासाठी.

स्फोट आणि क्षण

प्रथम स्फोटाचा विचार करू. यानाला जोडलेल्या दोन घन इंधनाच्या अग्निबाणांपैकी उजव्या अग्निबाणाच्या खालच्या भागातील एका सांध्यातून तप्त वायू बाहेर पडू लागला. उड्डाणानंतर पुरता एक सेकंदही झाला नव्हता, तोच त्या सांध्यापाशी काळ्या धुराचे फवारे उठल्याचे नंतर छायाचित्रांत आढळले. पुढे इंधनाच्या जळित अवशेषांनी ती फट काही काळ बुजली असावी; परंतु अठ्ठावन्नाव्या सेकंदाच्या पुढे तेथे ज्वाळा दिसू लागली. तिने शेजारच्या प्रचंड इंधनटाकीचा वेध घेतला आणि टाकी खालून फाटली. आतील द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडून पेटले. आकाशात जो अग्निगोल दिसला तो त्याचा. खुद्द यान मोडले ते वेगवान हवेच्या विपरीत दाबाने. हे बॉम्ब फुटावा तसे झाले नाही, याची खूण प्रत्येकाने चित्रात पाहिलेलीच आहे : त्या ढगातून दोन्ही अग्निबाण शाबूत बाहेर पडून भरकटत पुढे गेले आणि शेवटी जमिनीवरून आज्ञा देऊन ते नष्ट करावे लागले. ‘स्फोट’ हा शब्द रूढ झाला यात लोकांचा दोष फारसा नाही. नियंत्रण केंद्राच्या निवेदकानेच काही क्षणांनंतर, यानाचा स्फोट झाल्याचे वृत्त आले आहे, असे सांगितले होते.

दुसरा भ्रम याहून गंभीर आहे. कारण तो दयाबुद्धीतून जन्मलेला आहे. अंतराळवीरांना काही कळलेच नसेल, असे आपण एकमेकांना सांगतो. वस्तुस्थिती अशी की, त्यांचा कक्ष यानापासून तुटून बहुतांशी अखंड राहिला. सुमारे १४ किलोमीटर उंचीवर तो सुटला, वेगाच्या जोरावर जवळजवळ २० किलोमीटरपर्यंत चढला आणि मग खाली येऊ लागला. यान मोडल्यापासून २ मिनिटे ४५ सेकंदांनी तो ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाने अटलांटिक महासागरावर आदळला. स्वतः अंतराळवीर व वैद्य असलेल्या जोसेफ कर्विन यांनी जुलै १९८६ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले आहे की, यान मोडतानाच्या धक्क्याने मृत्यू अथवा गंभीर इजा झाली असण्याचा संभव कमी. कक्षातील हवेचा दाब गेला असल्यास काही सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली असेल. मृत्यूचे नेमके कारण निश्चित करता येत नाही. आणीबाणीत हवा पुरविणारे जे चार संच सापडले, त्यांपैकी तीन चालू केलेले होते. त्यांतील एक वैमानिक स्मिथ यांचा होता आणि त्याची कळ त्यांच्या आसनाच्या पाठीमागे होती. म्हणजे बहुधा मागच्या आसनावरील सहकाऱ्याने ती ओढली असावी. एवढा एक तपशील पुरेसा आहे. त्या घडीलाही कोणीतरी आपल्या पुढच्या माणसाच्या श्वासाची काळजी वाहिली होती.

याच्या अगदी उलट टोकाची दंतकथाही आहे. त्या अखेरच्या पावणेतीन मिनिटांतील किंकाळ्यांचे आणि प्रार्थनांचे एक तथाकथित संभाषण पुढे प्रसृत झाले. ते सर्वस्वी बनावट आहे. यान मोडताच वीजपुरवठा तुटला आणि ध्वनिमुद्रण थांबले. त्यावरील शेवटचा उद्‌गार वैमानिक स्मिथ यांचा, आणि तो केवळ काहीतरी बिघडल्याची जाणीव दर्शविणारे दोन अक्षरी अव्यय आहे. एक दंतकथा मृत्यूला क्षणिक करून आपली सुटका करते, दुसरी त्याचा तमाशा मांडते. सत्य या दोहोंपेक्षा शांत आहे, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

पाहिलेले आणि आठवलेले

‘साऱ्या जगाने प्रत्यक्ष पाहिले’ हीदेखील अशीच समजूत. तोपर्यंत अवकाशयानांची उड्डाणे इतकी नित्याची झाली होती की, अमेरिकेच्या तिन्ही प्रमुख दूरचित्रवाणी संस्थांनी हे उड्डाण थेट दाखविण्याची तसदी घेतली नव्हती. सी. एन. एन. ही त्या वेळी तरुण असलेली वाहिनी ते दाखवीत होती. आणि नासाने शिक्षिकेच्या निमित्ताने शाळाशाळांत उपग्रहाद्वारे प्रक्षेपणाची खास व्यवस्था केली होती. म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. बाकीच्यांनी पाहिली ती पुनरावृत्ती, दिवसभर, तासातासाला.

स्मरणशक्ती या बाबतीत किती दगा देते याचा एक प्रयोगच झालेला आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एमोरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली : ही बातमी तुम्हांला कोठे, कशी, कोणाकडून कळली? सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील काही विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सुमारे एकचतुर्थांश विद्यार्थ्यांची उत्तरे मुख्य मुद्द्यांवर पूर्णपणे चुकली, आणि तरीही अनेकांचा आत्मविश्वास ढळलेला नव्हता. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुनी उत्तरे दाखविल्यानंतरही त्यांची मूळची आठवण परत आली नाही. शिक्षकांनी हा प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ‘मी स्वतः पाहिले’ या शब्दांना आपण जे वजन देतो, ते नेहमीच योग्य असते असे नाही.

विनोद कोणावर?

आता विनोदाकडे वळू. अपघातानंतर काही आठवड्यांतच अमेरिकाभर चॅलेंजरविषयीच्या विनोदांची साथ पसरली. त्या वेळी आजच्यासारखी साधने नव्हती. कचेऱ्या, शाळा, दूरध्वनी यांच्या मार्गे ते पसरले. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्याच वर्षापासून त्यांचा संग्रह व अभ्यास सुरू केला. बहुतेक विनोद येथे देण्याच्या योग्यतेचे नाहीत. त्यांतील पुष्कळ त्या शिक्षिकेवर आहेत, काही शीतपेयांच्या व शांपूच्या जाहिरातींवर बेतलेले आहेत. एलियट ऑरिंग या अभ्यासकाने १९८७ मध्ये यावर मार्मिक विवेचन केले. दूरचित्रवाणी एका मिनिटाला शोक दाखवी आणि दुसऱ्या मिनिटाला शीतपेय विकी. त्या विसंगतीला आणि दुःखाच्या त्या ठरावीक भाषेला लोकांनी दिलेले ते उत्तर होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. ही मीमांसा विचारार्ह आहे. हे विनोद करणारे सारे निर्दय होते असे मानण्याचे कारण नाही. ज्या मुलांनी आपल्यासारख्याच एका शिक्षिकेचा मृत्यू वर्गात बसून पाहिला, त्यांना काहीच बोलू नका असे सांगितल्यावर त्यांनी काय करायचे होते?

तथापि, विनोदाची नीती ठरते ती तो कोण करतो आणि कोणावर करतो यावरून. फासावर चढणारा स्वतः विनोद करतो तेव्हा ते धैर्य असते. भोवतालची गर्दी करते तेव्हा ती करमणूक असते. अंतराळवीरांमध्ये एक फार जुना विनोद सांगितला जातो : आपण ज्या यंत्रावर बसलो आहोत त्याचा प्रत्येक भाग सर्वांत कमी दराच्या निविदेतून आलेला आहे, हे ध्यानात आले की उड्डाणाची खरी मजा कळते. हा विनोद आतून आलेला आहे. त्यात भीती आहे, आणि एक आर्थिक सत्यही आहे. चॅलेंजरवरील बहुतेक विनोदांत नेमके हेच नाही. त्यांचा बाण मृतांकडे वळलेला आहे. ज्या बैठकीत उड्डाणाचा निर्णय झाला त्या बैठकीवर, ज्या फायलींत धोका नोंदलेला होता त्या फायलींवर एकही विनोद लोकप्रिय झाला नाही. कारण उघड आहे. एका क्षणाच्या स्फोटावर विनोद करता येतो. चार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या हयगयीवर विनोद करायला ती आधी ठाऊक असावी लागते. अशा रीतीने भ्रम आणि विनोद एकमेकांना पोसत राहतात.

याला एकच अपवाद आहे आणि त्याकडे पुढे वळावयाचे आहे. ‘नासा’ या नावाच्या चार इंग्रजी आद्याक्षरांचा नवा विस्तार कोणीतरी केला : ‘नीड अनदर सेव्हन अ‍ॅस्ट्रॉनॉट्स’, म्हणजे, आणखी सात अंतराळवीर पाहिजेत.

रबरी कडीची कैफियत

आता चौथे वाक्य : कडी कडक झाली. हे खरे आहे. परंतु एवढेच सांगणे म्हणजे घराला आग लागली ती काडीमुळे, असे सांगण्यासारखे आहे. अग्निबाणाच्या सांध्यांतील या कड्यांना ‘ओ-रिंग’ म्हणतात. दुसऱ्याच शटल-उड्डाणात, नोव्हेंबर १९८१ मध्ये, तप्त वायूने अशी एक कडी झिजविल्याचे आढळले होते. मूळ रचनेनुसार ती मुळीच झिजावयास नको होती. १९८२ च्या अखेरीस या सांध्याची नोंद पहिल्या दर्जाच्या धोक्यात झाली. म्हणजे हा निकामी झाला तर यान आणि माणसे जातील, दुसरा आधार नाही. तरीही उड्डाणे चालू राहिली. १९८५ मध्ये या दोषामुळे उड्डाणावर कागदोपत्री निर्बंध घालण्यात आला आणि पुढे उड्डाणामागून उड्डाणासाठी तो शिथिल करण्यात येत गेला. निर्बंधही फायलीत, शिथिलताही फायलीत. कारकुनी व्यवहाराची ज्यांना माहिती आहे त्यांना या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

अग्निबाण तयार करणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतील अभियंते रॉजर बोजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी वरिष्ठांना लेखी कळविले की, हा प्रश्न तातडीने सोडविला नाही तर मनुष्यहानीसह अतिभीषण अनर्थ ओढवेल. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्यांचे सहकारी बॉब इबलिंग यांनी जे टिपण लिहिले त्याचा आरंभ एकाच शब्दाने होतो : ‘मदत!’ कार्यालयीन पत्रव्यवहारात असा शब्द वापरण्याची वेळ माणसावर केव्हा येते, याचा विचार करावा.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री थायोकोलचे अभियंते आणि नासाचे अधिकारी यांची दूरध्वनीवरून बैठक झाली. दुसऱ्या दिवशी अभूतपूर्व थंडी पडणार होती. सांध्याचे तपमान सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, अशी अभियंत्यांची शिफारस होती. नासाच्या एका अधिकाऱ्याने, मग काय एप्रिलपर्यंत थांबायचे काय, अशा अर्थाचा प्रश्न केला. कंपनीच्या मंडळींनी थोडा वेळ मागून घेतला. त्या खासगी चर्चेत वरिष्ठ व्यवस्थापक जेरल्ड मेसन यांनी अभियांत्रिकीचे प्रमुख रॉबर्ट लुंड यांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले. टोपी बदलली आणि शिफारसही बदलली. कंपनीचे प्रतिनिधी अ‍ॅलन मॅक्‌डोनल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. मग ती दुसऱ्याकडून आली. सकाळी प्रक्षेपण-मंचावर बर्फाचे लोलक लोंबत होते आणि उड्डाणाच्या वेळी हवेचे तपमान जेमतेम २ अंश सेल्सिअस होते.

त्या बैठकीत आणखी एक चूक झाली, आणि ती विद्यार्थ्यांना शिकविण्याजोगी आहे. थंडीचा आणि झिजेचा संबंध आहे काय, हे पाहण्यासाठी ज्या उड्डाणांत झीज झाली होती तेवढीच पुढे ठेवण्यात आली. त्यांत एक सुमारे १२ अंशांचे होते, तर एक सुमारे २४ अंशांचे. तेव्हा संबंध सिद्ध होत नाही, असे म्हणणे सोपे झाले. गैरहजेरीमुळे विद्यार्थी नापास होतात काय, हे ठरविण्यासाठी केवळ नापासांचाच हजेरीपट तपासावा, तसा हा प्रकार होता. पास झालेल्यांचा पट पाहिल्याविना उत्तर कसे मिळणार? नंतर चौकशी आयोगाने तो पाहिला. सुमारे १९ अंश किंवा त्याहून अधिक तपमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत झीज आढळली होती. सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी तपमानाच्या चारही उड्डाणांत ती होती. त्यासाठी नवा शोध लागावयाचा नव्हता. माहिती घरातच होती.

खलनायकाची सोय

येथे दुसऱ्या प्रकारच्या दंतकथा सुरू होतात. त्याच रात्री अध्यक्ष रेगन यांचे काँग्रेसपुढे वार्षिक भाषण व्हावयाचे होते. तेव्हा उड्डाणासाठी वरून दबाव आला असणार, असे अनेकांनी गृहीत धरले. माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाला अशा बाह्य दबावाचा पुरावा मिळाला नाही. निर्णय नासाच्या अधिकाऱ्यांनीच घेतला, असा त्याचा निष्कर्ष आहे. दुसरी कथा नायकाची. रिचर्ड फाइनमन या थोर पदार्थवैज्ञानिकाने ११ फेब्रुवारी १९८६ रोजी आयोगापुढे ओ-रिंगच्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखविला आणि कोडे सुटले, असे सांगण्यात येते. प्रयोग लोकविलक्षण होता यात शंका नाही. पण फाइनमन यांना त्या दिशेने नेणारी सूचना आयोगाचेच सदस्य जनरल कुटिना यांच्याकडून आली होती, आणि त्यांना ती माहिती सॅली राइड या अंतराळवीर सदस्येमार्फत नासाच्या आतून मिळाली होती, हे पुढे उघड झाले. कोडे मुळी नव्हतेच. उत्तर ठाऊक असलेली माणसे होती आणि त्यांना बोलण्याची सोय नव्हती.

डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९६ च्या आपल्या ग्रंथात याहूनही अप्रिय सत्य मांडले. नियम धाब्यावर बसवून दुष्ट व्यवस्थापकांनी यान उडविले, हे चित्र तिला कागदपत्रांत सापडले नाही. तिला सापडले ते असे की, सर्वांनी नियम पाळले; प्रत्येक झीज तपासली, तिचे स्पष्टीकरण लिहिले आणि ती स्वीकारार्ह ठरविली. त्यावर अभियंत्यांच्याही सह्या होत्या. काल निभावले म्हणून आज निभावेल, आणि आज निभावले हाच उद्याचा पुरावा. आपल्याकडे यासाठी शतकानुशतकांची म्हण आहे : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. तेथे काळ चार वर्षांहून अधिक सोकावत होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता यात एक नियम दिसतो. दिरंगाईची किंमत लगेच दिसते आणि ती कोणाच्या तरी नावे पडते. शटल-योजना मंजूर करून घेताना वर्षाला पन्नासाहून अधिक उड्डाणांची भाषा झाली होती. १९८५ या सर्वांत गजबजलेल्या वर्षी झाली नऊ, आणि १९९० पर्यंत चोवीसचे लक्ष्य होते. अशा स्थितीत प्रत्येक तहकुबी वर्तमानपत्रांत थट्टेचा विषय होई. चॅलेंजरचे उड्डाणही पुन्हा पुन्हा लांबणीवर पडले होते. धोक्याची किंमत मात्र प्रत्यक्ष घडेपर्यंत शून्य दिसते, आणि ती मोजावी लागते बैठकीला हजर नसलेल्यांना. त्या रात्रीच्या चर्चेची माहिती सातांपैकी एकालाही देण्यात आली नव्हती. शिवाय बोजोली यांचे म्हणणे मान्य होऊन उड्डाण पुढे ढकलले गेले असते, तर अपघात झालाच नसता. आणि मग त्यांचे म्हणणे खरे होते हे सिद्ध तरी कसे झाले असते? टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही. ज्याने तो टाळला त्याच्या वाट्याला कटकट्या माणूस ही ख्याती तेवढी येते. सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे विचारण्याऐवजी असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे विचारले गेले, त्याच क्षणी निकाल लागला होता.

आणखी सात

फाइनमन यांनी आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात एक हिशेब मांडला आहे. यान गमावण्याचा संभव किती, असे विचारता व्यवस्थापकांनी एक लाखात एक असे सांगितले. अभियंत्यांचा अंदाज शंभरात एकाच्या आसपास होता. लाखात एक म्हणजे रोज एक यान उडविले तरी पावणेतीनशे वर्षांत एक अपघात. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या काळात शटलची १३५ उड्डाणे झाली आणि त्यांत दोन याने, चौदा माणसांसह, गेली. सारे गलिच्छ विनोद एकत्र केले तरी त्या काळातील सर्वांत भीषण विनोद हा ‘लाखात एक’चा आकडाच होता, आणि तो हसण्यासाठी सांगितलेला नव्हता, ही त्यातली खरी काळी बाजू.

दुसरे यान ‘कोलंबिया’. १६ जानेवारी २००३ रोजी त्याच्या उड्डाणाच्या वेळी बाह्य टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. असे तुकडे पूर्वीही सुटत. म्हणून ते नित्याचे मानले गेले होते. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळविण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासच्या आकाशात विखुरले. त्यातही सात जण होते. सॅली राइड दोन्ही चौकशी मंडळांवर होत्या आणि त्यांना दुसऱ्या अपघातात पहिल्याचे पडसाद ऐकू आले. १९८६ मध्ये कोणा अनामिकाने केलेला तो आद्याक्षरांचा विनोद सतरा वर्षांनी असा शब्दशः खरा ठरला. संस्थेला आणखी सात लागले. तेवढ्या एका विनोदाचा बाण, कदाचित नकळत, योग्य दिशेने सुटला होता : माणसे बदलता येण्याजोगी आहेत आणि पद्धत बदलण्याची निकड नाही, असे मानणाऱ्या व्यवस्थेकडे.

त्या सातांत हरयाणातील कर्नाल येथे जन्मलेली कल्पना चावला होती. आपल्या शाळांतून तिची तसबीर लागते, तिच्यावर निबंध लिहून घेतले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या निबंधांत ताऱ्यांकडे झेपावलेल्या मुलीचे स्वप्न असते. फेसाचा तुकडा, नाकारलेली विनंती आणि न काढलेली छायाचित्रे क्वचितच असतात. गौरवही कधी कधी विनोदाचेच काम करतो. विनोद मृतांना हसून प्रश्न टाळतो; गौरव त्यांना हार घालून तोच प्रश्न टाळतो.

विद्यार्थ्यांनी काळे विनोद करू नयेत, असे फर्मान काढून काही साधणार नाही; मृत्यूपुढे माणूस हसणारच. त्यांना एवढेच विचारता येईल की, हा विनोद कोणाला झोंबतो? जो मेलेल्यांना झोंबतो तो फुकट गेला. जो सही करणाऱ्याला झोंबतो तो जपून ठेवावा. बोजोली २०१२ मध्ये वारले, इबलिंग २०१६ मध्ये. आपण आणखी काही करावयास हवे होते, ही खंत इबलिंग यांनी तीस वर्षे बाळगली. ज्यांनी इशारा दिला त्यांनी अपराधाचे ओझे वाहावे आणि ज्या पद्धतीने तो फेटाळला तिने निवांत राहावे, हा न्याय कोणत्याही देशात, कोणत्याही कचेरीत चालू देता कामा नये. चॅलेंजर त्र्याहत्तर सेकंदांत गेले नाही. ते टिपणांतून, शिथिल केलेल्या निर्बंधांतून आणि बदललेल्या टोप्यांतून वर्षानुवर्षे जात होते. आपल्या टेबलावरच्या कागदांत आज असे काय जात आहे, हे पाहणे तेवढे आपल्या हाती आहे.